भाग ३७ : जखमींना आणायला गेलेलं विमानच पडतं तेव्हा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जी वाक्यं अर्धवट राहिली होती ती इथे नीट केली आहेत, बाकी सगळं तसंच आहे.

आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यापासून सुरुवात करू. एप्रिल १९४४. नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि इतर नेते या किल्ल्यात बंद होते, त्याला वीस महिने झाले होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहायला घेतलं ते याच महिन्यात. ही गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण त्याच महिन्यात देशाच्या पूर्व टोकापलीकडे, ब्रह्मदेशाच्या जंगलात चार माणसं एका मोडलेल्या विमानापासून लपतछपत डोंगर चढत होती. त्यातले तिघे आजारी किंवा जखमी सैनिक होते, चौथा त्यांचा वैमानिक. त्यांना दवाखान्यात नेणारं विमानच पडलं होतं.

आजचा भाग त्यांच्याबद्दल आहे. आणि ओघाने आपल्याबद्दलही आहे, ते पुढे कळेलच.

थोडी पार्श्वभूमी बघू. १९४३ मध्ये ऑर्ड विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्याने सुमारे ३,००० सैनिक जपानी फौजांच्या पिछाडीला जंगलात घुसवले. यांना 'चिंडिट' म्हणत. त्यांतले सुमारे ८०० परत आले नाहीत. त्या मोहिमेत ज्याला चालता येत नव्हतं त्याला मागे ठेवावं लागत होतं. एखाद्या गावात, नाहीतर झाडाखाली, पाण्याची बाटली जवळ देऊन. जे परतले त्यांच्या मनातून ही गोष्ट गेली नाही, आणि पुढच्या मोहिमेसाठी माणसं तयार करायची तर यावर उत्तर हवंच होतं.

१९४४ च्या मोहिमेत ते उत्तर मिळालं. अमेरिकेने फर्स्ट एअर कमांडो ग्रुप नावाचं पथक दिलं. त्यांच्याकडे छोटी, हलकी विमानं होती. जंगलात जेमतेम पट्टी साफ केली तरी ती उतरायची आणि जखमींना घेऊन जायची. पायी निघालेल्या सैनिकाला 'तुला इथे सोडणार नाही' असं पहिल्यांदाच सांगता आलं. त्याच्या मनोबलासाठी हे रसदीइतकंच मोलाचं होतं. खुद्द विंगेट मात्र २४ मार्च १९४४ ला मणिपूरच्या डोंगरात विमान कोसळून गेला. त्या भागात उडणं किती बेभरवशाचं होतं, हे एवढ्यावरून कळावं.

त्यानंतर महिनाभरात ही घटना घडली. एड ह्लाडोवचाक नावाचा वैमानिक एल-१ जातीच्या हलक्या विमानातून तीन ब्रिटिश सैनिकांना घेऊन निघाला होता. विमान शत्रूच्या हद्दीत खाली आलं. चौघेही वाचले, पण विमान कामातून गेलं. आजूबाजूला जपानी सैन्य. शोधायला आलेल्या विमानातून त्यांना चिठ्ठी टाकली गेली : डोंगरावर चढा, शत्रू जवळ आहे. वरून खाण्यापिण्याचं सामानही टाकता येत होतं. पण उतरायला जागाच नव्हती. म्हणजे ते कुठे आहेत हे माहीत होतं, जिवंत आहेत हेही माहीत होतं, आणि तरी हात पोचत नव्हता.

तेव्हा आसाममधल्या लालाघाटच्या तळावर एक विचित्र यंत्र उभं होतं. सिकॉर्स्की वायआर-४बी. हेलिकॉप्टर हा प्रकार तेव्हा इतका नवा होता की या जातीच्या पहिल्या नमुन्याने पहिलं उड्डाण केलं ते जानेवारी १९४२ मध्ये. त्याची ताकद आजच्या एखाद्या दणकट एसयूव्हीच्या इंजिनाएवढी. वैमानिक कार्टर हार्मन. टप्प्याटप्प्याने उडत, वाटेत इंधन घेत तो जंगलातल्या 'अबरडीन' या चिंडिटांच्या पट्टीवर पोचला.

इथे थोडं विज्ञान. हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात, म्हणून ते वर उचललं जातं. हवा विरळ असेल तर ढकलायला कमी हवा मिळते, आणि इंजिनालाही श्वास कमी पडतो. उंची वाढली की हवा विरळ होते, हे आपल्याला माहीत असतं. पण गरम आणि दमट हवासुद्धा विरळच असते. ब्रह्मदेशातला एप्रिल म्हणजे दोन्हीचा कहर. त्यामुळे हार्मनला एका खेपेत एकच माणूस उचलता येत होता. एकाला घ्यायचं, नदीकाठच्या वाळूच्या पट्ट्यावर सोडायचं, तिथून हलकं विमान त्याला पुढे नेणार, आणि आपण परत फिरायचं. दोन खेपांनंतर इंजिन तापून बसलं. रात्र तिथेच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी राहिलेले दोघे. सगळ्यात शेवटी वैमानिक ह्लाडोवचाक.

युद्धात हेलिकॉप्टरने माणसं सोडवून आणल्याची ही पहिली घटना मानली जाते. हार्मन पुढे संगीतकार आणि संगीतसमीक्षक झाला.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एखादी सिस्टिम बंद पडली की पहिला प्रश्न असतो, 'पर्याय काय होता?' ही गोष्ट वाचताना मला तोच प्रश्न पडला. चौघे वाचले ते हेलिकॉप्टरमुळे, हे खरंच आहे. पण त्याआधी शोधणारं विमान होतं, चिठ्ठी होती, वरून टाकलेलं खाणं होतं, वाळूचा पट्टा होता, त्यावर उतरणारं दुसरं विमान होतं. हेलिकॉप्टर हा त्या साखळीतला एक दुवा. बाकीचे नसते तर ते एकटं जाऊन काही करू शकलं नसतं.

आता आपल्याकडे येऊ. ६ मे २०२१, कोविडची दुसरी लाट. रुग्णाला घेऊन हैदराबादला निघालेल्या एका एअर ॲम्ब्युलन्सचं चाक नागपूरहून उडतानाच निखळून पडलं. विमानतळावर पहाऱ्यावर असलेल्या सीआयएसएफच्या जवानाने ते पाहिलं आणि लगेच कळवलं. विमान मुंबईकडे वळवलं गेलं, इंधन जाळून कमी केलं, धावपट्टीवर फेस पसरला आणि वैमानिकाने विमान पोटावर उतरवलं. रुग्णासह पाचही जण सुखरूप. इथेही वैमानिकाचं कौशल्य होतंच, पण त्याआधी खाली उभा असलेला एक माणूस डोळे उघडे ठेवून होता.

दुसरी घटना १७ मे २०२५ ची, केदारनाथची. ऋषिकेशच्या एम्सचं हेलिकॉप्टर श्वासाचा त्रास होणाऱ्या रुग्णाला आणायला गेलं होतं. उतरताना शेपटीचा भाग मोडला. वैमानिक, डॉक्टर, परिचारक तिघेही वाचले. केदारनाथ साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास. नशीब दर वेळी असं साथ देत नाही. त्याच भागात जून २०१३ च्या महापुरात माणसं सोडवणारं हवाई दलाचं एमआय-१७ कोसळलं, तेव्हा त्यातले वीसही जण गेले. सोडवायला जाणाराही त्याच डोंगरात, त्याच हवेत शिरतो. बातमीत आपण त्याला 'देवदूत' म्हणतो आणि हिशेबातून वगळतो.

आणि आता आपला जिल्हा. आपल्याकडेही डोंगर आहेत. अकोले तालुक्यात कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर. शेजारी रतनगड, हरिश्चंद्रगड. हरिश्चंद्रगडापलीकडे जुन्नरचा मुलूख, जिथे ७ जुलै १९६२ ला मध्यरात्रीच्या सुमारास अलितालियाचं मुंबईला उतरू पाहणारं विमान डोंगरावर आदळलं आणि ९४ जण गेले. कोणीही वाचलं नाही. जुलैमधला सह्याद्री ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

कळसूबाईच्या उंचीवर हवेची घनता साधारण ८५ टक्के असते, आजच्या हेलिकॉप्टरला ती पुरते. सियाचिनला जाणारे लष्कराचे वैमानिक शिकतात ती शाळाही शेजारच्या नाशिकलाच आहे. आपली अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात, म्हणजे साप चावतात, ओढे अडवतात आणि बाळंतीण अडते त्याच दिवसांत, या डोंगरांवर ढग बसलेले असतात. समोरचा कडा दिसत नाही तिथे कुठलंही हेलिकॉप्टर उतरवणं म्हणजे एका रुग्णासाठी आणखी तीन-चार जीव पणाला लावणं.

म्हणून मला वाटतं, 'आपल्याकडेही एअर ॲम्ब्युलन्स हवी' ही मागणी योग्य असली तरी यादीत ती शेवटी यावी. आधी वाडीपर्यंत रस्ता आणि ओढ्यावर साकव. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आणि ती द्यायला हजर असलेला डॉक्टर. १०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून धावते, पण ती डांबर संपतं तिथे थांबते. तिथून पुढे आजही चार खांदे, एक बांबू आणि एक घोंगडी. झोळी करून रुग्णाला खाली आणणारे गावकरी हा आपल्या साखळीचा पहिला दुवा आहे, आणि त्यांना साधं घडीचं स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराचं शिक्षण द्यायला हेलिकॉप्टरच्या एका फेरीइतकाही खर्च यायचा नाही.

चिंडिट सैनिकाला हवं होतं ते एवढंच : मला इथे सोडून जाणार नाहीत. डोंगरातल्या माणसालाही यापेक्षा वेगळं काही नको असतं.

तुमच्या गावात पावसाळ्यात रुग्णाला खाली कसं आणतात, हे मला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात तेच घेऊ. तोवर, काळजी घ्या.