चीक, काळी शी आणि पहिला तास

वळसंगच्या पट्ट्यात गाय व्याली की चिकाचा मराठी घरात खरवस होतो, कन्नड घरात गिण्णू. पण त्याआधी वासराला पाजायचे, हा गोठ्यातला नियम. बाईच्या चिकाबाबत मात्र आपण उलटे वागलो. पिवळट, चिकट म्हणून कित्येक घरांत तो पिळून टाकला जाई आणि बाळाला मध, गूळपाणी, गुटी चाटवली जाई. याला निव्वळ अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. दूध तीन-चार दिवसांनी उतरते असे धरून तोवर मध-तुपाचे चाटण सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातच सांगितले आहे.

वासराची उपमा थोडी लंगडी आहे, हेही खरे. वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये चिकातून रक्तात मिळतात. माणसाच्या बाळाला ती बरीचशी वारेतूनच आलेली असतात. त्याच्या बाबतीत चिकाचे मुख्य काम आतड्यात, कोवळ्या अस्तरावर पहारा ठेवण्याचे.

त्या आतड्याची परीक्षा सुईण लंगोटावरून करी. काळी शी कधी झाली, पिवळी कधी सुरू झाली. जुनी दप्तरे चाळताना मला बाळांचे जन्म सापडतात, मृत्यू सापडतात. सुईणीचे हे निरीक्षण कुठेच सापडत नाही.

युरोपात लंगोट प्रयोगशाळेत गेला. १८८५ मध्ये म्युनिकच्या थिओडोर एशरिश यांनी नवजात बाळांच्या शीतले जंतू वर्णिले, ई. कोलायमधला ‘ई’ त्यांच्याच नावाचा. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांत बिफिडोबॅक्टेरियम आढळला. १९८० मध्ये नॉर्वेत मॅग्ने फागरहोल यांनी पांढऱ्या पेशींतले एक प्रथिन वेगळे काढले. तेच आजचे कॅलप्रोटेक्टिन, आतड्याच्या दाहाची खूण. मोठ्या माणसाच्या एक ग्रॅम शीत ते ५० मायक्रोग्रॅमपर्यंत असावे असे मानतात. निरोगी तान्ह्या बाळात २०० च्या वरही सहज जाते. म्हणून मोठ्यांची फूटपट्टी बाळाला लावता येत नाही. अपुरे दिवस, वजन, सिझेरियन यांचा या आकड्यावर काय परिणाम होतो, यावर संशोधकांत एकमत नाही.

जंतूंबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ६०० बाळांच्या अभ्यासात सिझेरियनच्या बाळांत बॅक्टेरॉइडिस फार कमी आणि रुग्णालयातले जंतू जास्त आढळले. हा फरक पुढे बराच बुजतो, तेव्हा सिझेरियन झालेल्या आईला दोष देण्याचे कारण नाही.

मला खटकते ते दुसरेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेऱ्यांदरम्यान महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणे ९०.३ वरून ९४.७ टक्के झाली, सिझेरियन २०.१ वरून २५.४. पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे मात्र ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर आली. म्हणजे सुईण गेली, गुटीची सक्ती ओसरली, तरी चीक वेळेवर मिळेनाच. सिझेरियन बहुधा कमरेत सुई देऊन होते. आई शुद्धीवर असते. बाळ तिथेच तिच्या छातीशी देता येते.