मोहाचें वाळवण आणि १८९२ चा कायदा



वाळवण म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पापड, सांडगे नि आंबोशी उभी राहते. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर-मुरबाडच्या रानांत ठाकूर-कातकऱ्यांचें एक वाळवण असें होतें कीं, त्यावर सरकारनें स्वतंत्र कायदा केला. तें म्हणजे मोहाचें फूल.

उन्हाळ्याच्या तोंडीं हीं मांसल, फिकट पिवळीं फुलें पहाटे झाडाखालीं पडतात. बायकामुलें तीं टोपल्यांत वेंचून अंगणांत पातळ पसरतात. कांहीं दिवसांत तीं आक्रसून मनुक्यासारखीं तांबूस होतात. आषाढ-श्रावणांत, जुनी नाचणी सरलेली आणि नवें पीक शेतांत उभें, अशा वेळीं तीं शिजवून वा भाजून पोटाला आधार होई.

फूल टिकतें कशानें, हें घरींच पाहतां येईल. शहरांत मोह कोठला? द्राक्षें घ्यावींत. मूठभर चिरून कडक उन्हांत वाळवावींत. मूठभर चेंचून, थोडें पाणी घालून, सैल झांकून ठेवावींत. दोनतीन दिवसांत दुसऱ्या भांड्यांत फेस येईल आणि आंबूस वास सुटेल. फळाच्या सालीवरील सूक्ष्म किण्वास साखर दोहींकडे आहे, परंतु पहिलीकडे त्याच्या उपयोगाचें पाणी उरलेलें नाहीं.

इतिहासाची गांठ येथेंच बसली. वाळलेलें फूल पुन्हां भिजवलें कीं आंबतें, आणि तें गाळलें कीं दारू होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गांवोगांवच्या भट्ट्या चोरट्या ठरल्या; उरणास मात्र परवान्याचे कारखाने मोहाचीच दारू राजरोस गाळीत होते. चोरटें गाळप थांबविण्यासाठीं १८९२ सालीं ठाणें व कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांकरितां मोहाच्या फुलांच्या संग्रहावर निर्बंध घालणारा कायदा झाला.

सरकारचा संशय अगदींच निराधार नव्हता. तेंच फूल हंडींत शिजे आणि भट्टींतही जाई. पण कणगींतलें फूल पाहून तें कोणत्या वाटेचें, हें कोण अंमलदार सांगणार? दारू पकडणें कठीण म्हणून अन्नच संशयित ठरविलें, आणि महसूल सांभाळण्याची ही रीत मला तरी न्याय्य वाटत नाहीं.

स्वराज्य आल्यावरही ही गांठ सुटली नाहीं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मोहाच्या फुलांवर नियंत्रण ठेवलेंच. तें वेंचण्यासाठवण्यावरील निर्बंध महाराष्ट्र शासनानें सैल केले ते २०२१ सालीं.