जाळ्यावरचे जाळे

१९२९ साली काझीपेठ–बल्लारशाह लोहमार्ग पुरा झाला आणि दिल्ली व मद्रास यांची सरळ गाठ आमच्या दारात पडली. (गाव बल्लारपूर आणि स्टेशन बल्लारशाह का, हा वाद येथे नको.) पुढे कागद गिरणीत आणि कोळशाच्या खाणीत घरदार सोडून आलेला कामगार गावाकडे निरोप धाडी, तो दोन वाटांनी. एक टपालाची, दुसरी, गाडीने निघालेल्या गाववाल्याच्या पिशवीतली. रूळ रेल्वेचे, डबा रेल्वेचा. पण त्याच रुळांवर चालणारे हे दुसरे जाळे घराघरांचे होते.

संघटनेच्या माणसाला त्याचे मोल ठाऊक आहे. १८९८ च्या टपाल कायद्याने पत्र अडविण्याचा अधिकार सरकारला दिला होता. २०२३ साली त्याच्या जागी नवा कायदा झाला, अधिकार राहिलाच.

आज लेक पुण्यात, आईबाप बल्लारपुरात, आणि दोघांची छायाचित्रे व कागदपत्रे तिसऱ्याच कंपनीच्या कोठारात! इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सुमारे ४३० कोटी. ते पुरेनात, म्हणून अनेक घरे एका पत्त्याआड बसविली. आतून बाहेर हाक जाते, बाहेरून आत येत नाही. मध्यस्थाचे फावले ते येथे.

१९९९ साली नॅपस्टरने गाणी एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर नेली. परंतु कोणाकडे काय आहे याची यादी एकाच ठिकाणी होती. २००१ साली न्यायालयाच्या आदेशापुढे ती बंद पडली, तसा सारा व्यवहार थांबला. ज्याच्या हाती मस्टर त्याच्या हाती कामगार, हे आम्हांस कोणी शिकवायला नको. २००३ चे स्काइप आरंभी सभासदांच्याच संगणकांवर चाले. पुढे कंपनीने तो भार आपल्या यंत्रांवर घेतला, आणि मे २०२५ मध्ये दुकान मिटले.

दरम्यान वायरगार्ड हे साधन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आले. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडलेल्या कल्पनेवर ते उभे आहे. प्रत्येक घराला दोन किल्ल्या : एक दुसऱ्यास देण्याची, एक कधीच बाहेर न जाणारी. दोन्ही घरे एकाच वेळी बाहेर हाक घालतात, मधली दारे उघडी राहतात, आणि बल्लारपूर व पुणे एका चाळीतल्या खोल्यांसारखी होतात. वाटेतल्या कंपनीला बंद लिफाफा तेवढा दिसतो.

मात्र पत्ते जुळवून देणारा कोणी लागतोच. त्याला मजकूर कळत नाही. कोण कोणाशी जोडलेला आहे हे कळते. हे काम आपल्याच घरातल्या यंत्रावर करता येते, पण रस्त्यावरून दिसणारा पत्ता त्याला हवा, आणि वीज गेली की सारेच खोळंबते. किल्ली देणे सणासुदीला, समोरासमोर बरे. फोन चोरीस गेला, तर तेवढीच किल्ली प्रत्येक घराने आपल्या यादीतून खोडावी. बाकीच्या घरांचे बोलणे चालू राहते.