निमविषारी

जळगाव-धुळ्याकडे घरात मांजऱ्या साप निघाला की सर्पमित्राला पहिला प्रश्न ठरलेला, "विषारी आहे का हो?" उत्तर येतं, "निमविषारी." यातला ‘निम’ फारसी ‘नीम’, म्हणजे अर्धा; निमगोरा, निमसरकारी यांतलाही तोच. ‘विष’ संस्कृत. शब्द सुटसुटीत, पण फसवा. मांजऱ्याचं विष अर्धं नाही, अस्सलच आहे. त्याचे विषदात वरच्या जबड्यात पार मागे, खोबणीचे. भक्ष्य धरून चावत राहिलं की विष झिरपतं. सरडा त्यानं गारद होतो, माणसाचं सहसा सुजेवर भागतं. अमेरिकेत हौसेनं पाळतात तो हॉगनोज सापही याच पठडीतला. त्याच्या चाव्यानं हात सुजल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत.