भिंतीवरचा ट्रॉम्बोन

ज्याच्या तारखेवर भरवसा ठेवता येईल असा सर्वांत जुना ट्रॉम्बोन जर्मनीत न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात आहे. एरास्मुस श्निट्झर या कारागिराने तो 1551 मध्ये घडवला. पण हे वाद्य त्याआधी निदान दोन पिढ्या वाजत होते. तेव्हाचे पितळ मोडीत गेले, वितळले, त्याचे आणखी काहीतरी झाले. उरली ती चित्रे. त्यामुळे ट्रॉम्बोनच्या बालपणाचा माग काढणाऱ्याला संग्रहालयातल्या कपाटांपेक्षा चर्चच्या भिंतीच जास्त पाहाव्या लागतात.

त्यातली सर्वांत महत्त्वाची भिंत रोममध्ये, सांता मारिया सोप्रा मिनेर्वा या चर्चमध्ये आहे. कार्डिनल ओलिव्हिएरो काराफा यांच्या चॅपलमध्ये फिलिप्पिनो लिप्पीने 1488 ते 1493 या काळात भित्तिचित्रे रंगवली. मेरीच्या स्वर्गारोहणाच्या प्रसंगात भोवती देवदूतांचा ताफा वाजतगाजत चालला आहे आणि त्यातल्या एकाच्या हातात दुहेरी सरकनळीचे वाद्य आहे. दुहेरी नळीचा इतका स्पष्ट पुरावा याआधीचा नाही.

दुहेरी नळीचे एवढे कौतुक कशाला? दोन समांतर नळ्या, टोकाला वळणाने जोडलेल्या. बाहेरची नळी चार बोटे पुढे ढकलली की हवेची वाट आठ बोटांनी लांबते. त्याआधीचा सरकता कर्णा एकेरी नळीचा मानला जातो. त्यात वादक एका हाताने माउथपीस ओठांशी घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने अख्खे वाद्यच मागेपुढे करायचा. हाताची ये-जा दुप्पट, सूर मात्र कमी. पंधराव्या शतकातला असा एकही कर्णा आज हाती नाही. 1984 मध्ये पीटर डाउनी या अभ्यासकाने तर तो कधी नव्हताच, असे मांडून खळबळ उडवली. इतरांनी त्यांना उत्तरे दिली आणि वाद पुन्हा चित्रांपाशी आला: वादकाचा एक हात माउथपीसपाशी का आहे? निव्वळ तोल सांभाळायला, की नळी धरून ठेवायला? एखाद्या चित्रकाराने सहज रंगवलेली बोटे पाचशे वर्षांनी अशी साक्षीला उभी राहतात.

अर्थात साक्षीदार नेहमी खरे बोलतोच असे नाही. देवदूत रंगवणाऱ्याला वाद्य वाजते की नाही याची पर्वा नसे. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याची काष्ठठशांतली विजययात्रा, जी 1526 मध्ये छापली गेली, ती तर रस्त्यावर कधी निघालीच नाही. सगळी मिरवणूक कागदावरची. तरी त्यातल्या हान्स बुर्कमायरच्या ठशांत सनईच्या जातीच्या वाद्यांसोबत ट्रॉम्बोन वाजवणारे एका गाड्यावर बसले आहेत आणि त्यांचा म्होरक्या आहे न्यूरेंबर्गचा नामांकित वाद्यकार हान्स नॉयशेल. वाद्य घडवणाराच वाजवायला बसला आहे म्हटल्यावर चित्रावरचा विश्वास थोडा वाढतो.

खऱ्या मिरवणुकीसाठी माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जावे. 31 मे 1615 रोजी ब्रुसेल्समध्ये निघालेली मिरवणूक डेनिस व्हान आल्स्लूट याने पुढच्या वर्षी रंगवली. त्यात नगराचे वादक ओळीने चालत वाजवताना दिसतात: सनईचे भाईबंद, कॉर्नेट, डल्सियन आणि ट्रॉम्बोन. इथे पंख नाहीत, ढग नाहीत. नगराची नोकरी करणारी माणसे आहेत.

मग 1620 मध्ये मिशाएल प्रिटोरियसने वाद्यांची चित्रे छापली, तीही मापाची पट्टी आखून! लहानमोठे ट्रॉम्बोन त्यात प्रमाणात काढलेले आहेत. आज वरातीच्या बँडमध्ये दिसणाऱ्या ट्रॉम्बोनचे तोंड पसरट असते. प्रिटोरियसच्या चित्रांत ते बरेच निमुळते आहे. अलीकडे जुन्या घडणीचे ट्रॉम्बोन बनवणाऱ्यांना ही पाने फार उपयोगी पडली.

एकोणिसाव्या शतकात वाद्ये मुबलक टिकली, तेव्हा चित्रांवरचा साक्षीचा भारही उतरला. जॉर्ज स्यूराने 1887–88 मध्ये पॅरिसच्या जत्रेतली सर्कस रंगवली. तंबूबाहेर गॅसदिव्यांच्या उजेडात गिऱ्हाईक जमवायला, टोकदार टोपी घातलेला ट्रॉम्बोनवाला चौथऱ्यावर उभा आहे. स्वर्गारोहण नाही, सम्राट नाही. तिकिटे खपवायची आहेत. नळीच्या तपशिलासाठी या चित्राकडे कोणी जात नाही, पण ट्रॉम्बोनवादकाचे इतके एकाकी चित्र दुसरे सापडणे कठीण. 1960 च्या मृत्युपत्रान्वये ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे आले.