मृग म्हणजे हरीणच का?

मंडळी, नृसिंह सरस्वतींच्या नावाच्या या वाडीत, जिच्या नावातच सिंह आहे, आपण एक साधा प्रश्न विचारू. सिंहाला आपण 'मृगेंद्र' म्हणतो. मग तो हरणांचाच राजा का? तर नाही. मृग म्हणजे मुळात कोणतंही रानातलं जनावर. ऋग्वेदात हत्तीसुद्धा 'हात असलेला मृग' आहे, आणि माकड तर शाखामृगच. फारसीत याच शब्दाचं भावंड 'मुर्ग' पक्ष्याकडे गेलं; आपल्याकडे 'मृग' हरणापुरता उरला.

हीच गोष्ट दूर उत्तरेत घडली. रेनडिअरमधला 'रेन' म्हणजे लगाम नव्हे. जुन्या नॉर्स भाषेत त्या प्राण्याचं नावच 'ह्रेइन'. त्याला जोडलेला शब्द म्हणजे नुसतं 'जनावर'. जर्मन 'टीअर'चा अर्थ आजही तोच. इंग्रजी 'डिअर' मात्र हरणापाशी येऊन थांबला.

दोन्हीकडे असं का व्हावं? अभ्यासक शिकारीकडे बोट दाखवतात. मृगयेला निघालेल्याला बहुधा हरीणच हवं असे. जे हवं, तेवढंच नावात राहिलं. म्हणून जुन्या पोथीत 'मृग' दिसला, की आपण लगेच हरीण डोळ्यांपुढे आणू नये. तिथं उभं कोण आहे, ते आधी पाहावं.