जवळचा रस्ता वाकडा का दिसतो?

मंडळी, मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब? मोबाइल क्षणात सांगतो, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. पण दोन विमानतळांमध्ये दोरी तर कुणी ताणलेली नाही! हे अंतर मोजलेलं नाही, काढलेलं आहे. आणि ते काढण्याआधी पृथ्वी मोजावी लागली.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त याची रीत दिली आहे. नेमक्या उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावं घ्या. त्यांच्यातलं अंतर मोजा, अक्षांशांचा फरक काढा. मग साधं त्रैराशिक: इतक्या अंशांना इतकी योजनं, तर ३६० अंशांना किती? त्यांचं उत्तर ४,९६७ योजनं. योजनाचं माप सगळीकडे एक नव्हतं, म्हणून आपण आकड्यापेक्षा रीत लक्षात ठेवू.

पुढे विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. काम चालू असतानाच १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. अशा मोजण्यांतून पक्कं झालं, की पृथ्वीच्या पृष्ठावरचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर.

आता विमानाकडे येऊ. मुंबई १९ अंश उत्तर, ७३ पूर्व. न्यूयॉर्क जवळपास ४१ उत्तर, ७४ पश्चिम. पृथ्वीच्या केंद्रातून दोन्हीकडे रेषा काढल्या, तर त्यांच्यातला कोन गोलीय त्रिकोणमितीने सुमारे ११३ अंश येतो. त्याला १११ ने गुणा. झालं अंतर!

घरी पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा. सपाट नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं, पण दोरा मुंबईहून निघतो तो वायव्येच्याही उत्तरेकडे, पाकिस्तानवरून, आणि आइसलंडजवळून खाली वळतो. नकाशात वाकडी दिसणारी ही वाटच सर्वांत जवळची. खोट नकाशाची, वाटेची नाही.

मात्र विमान याच दोऱ्यावरून जाईल असं नाही. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलैपर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या बऱ्याच विमानांना वळसा पडला. इंधन वाढलं, वेळ वाढला. पृथ्वी तीच, कोनही तोच.

तुमच्या भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून. त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून अभ्यास झाला. ते एकाच उंचीवर राहत नाहीत, तर डोंगर-दऱ्यांच्या चढउताराबरोबर वर-खाली होत उडतात, कारण विरळ हवेत तरंगत राहण्यापेक्षा त्यात ताकद कमी लागते.

तेव्हा ‘किती लांब?’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. अंतर किती, हे भूमिती सांगते. जायला काय पडेल, हे वारा, डोंगर आणि शेजारी ठरवतात. पहिल्याचं उत्तर हातात आलं, की दुसराही सुटला असं आपण धरून चालतो. तिथे जरा थांबावं, एवढंच माझं म्हणणं.